बोंडूच्या पायाखालचा चिरा

लांज्यापासून आत, आडवळणाच्या एका वाडीत बाबल्या राहतो. त्याचं आयुष्य चिरेखाणीत गेलं. जांभ्या दगडाचा चिरा तासावा तर बाबल्यानंच. दोन चिऱ्यांच्या फटीत नख शिरायचं नाही. आता यंत्र आलं, बिस्किटासारखे चिरे कापून देतं, आणि बाबल्या घरी बसला. हात मात्र बसले नाहीत. आमटीतली बटाट्याची फोडसुद्धा चारी बाजूंनी सरळ आहे का, ते बघून मग तोंडात घालतो.

मे महिन्यात मुलगा आला मुंबईहून, संदेश. सारवून सारवून आईची कंबर गेली, म्हणून पडवीपासून चुलीपर्यंत पांढरी लादी बसवून गेला. तोंड दिसेल इतकी चकचकीत. बाबल्याची बायको हौसा आठ दिवस कौतुकानं खाली बघतच चालली.

बोंडू मात्र घरात यायची बंद झाली. बोंडू त्यांची कुत्री. पिकल्या काजूच्या बोंडाचा रंग, म्हणून बोंडू. तेरा वर्षांची, मागचे पाय अधू. लादीवर आली की चार पाय चार दिशांना. दोनदा पडली, मग अंगणातच लाकडांच्या आडोशाला पथारी टाकली.

एरवी कोणी काही बोललं नसतं. पण त्या दिवसांत वाडीत बिबट्या फिरत होता. शेजारच्या यमुनाबाईचा कुत्रा त्यानं ओट्यावरून उचलला, मग खालच्या घरातला. बोंडू अंधार पडल्यावर बाहेर राहिली तर तिसरी तीच, हे बाबल्याला दिसत होतं. उचलून आणावी तर दुखऱ्या कमरेला हात लागताच चावायला उठे. गोठ्यात ठेवावी तर गोठ्याला दार नाही.

गोणपाट अंथरले, ते तिच्यासकट सरकले. मग हौसानं डोकं चालवलं. लादीच शेणानं सारवली! दोन दिवसांत सगळं वाळून पोपडे उठले.

"अवो, पोरगा म्हणतोय फोनवर लादी दाखव. काय दाखवू?"

"पापड वाळत घातलेत म्हणून सांग," बाबल्या म्हणाला आणि पहार आणायला उठला.

उंबऱ्यापासून चुलीपर्यंत दोन हात रुंदीची लादी त्यानं उचकटायला घेतली.

हौसा कळवळली. "पोराच्या घामाची लादी ती!"

"ठावं हाय गो. म्हणून तर हळू काढतंय."

त्या जागी त्यानं पातळ तासलेले चिरे बसवले. चार दिवस लागले. घासून घासून असे गुळगुळीत केले की हात फिरवत राहावं. बोंडूनं हुंगलं, पाय टाकला, घसरली, आणि आल्या पावली अंगणात गेली.

हौसा हसत सुटली. "देवळाचा गाभारा बांधलात काय? कुत्रीला चालायचं हाय, आरती नाय करायची!"

बाबल्या उठला. हत्यार घेऊन चिऱ्यापाशी उकिडवा बसला. हात वर गेला तो वरच राहिला. खाणीत कोणी गुळगुळीत चिऱ्यावर असा वाकडा घाव घातला असता, तर यानंच त्याचा दिवसभर उद्धार केला असता.

"हौसा, तू आत जा गो."

"का?"

"बघू नको."

ती गेली. मग बाबल्यानं स्वतःचंच काम बिघडवलं. आडवे घाव, तिरपे घाव, खाचा, खळगे. मन लावून बिघडवलं, कारण बाबल्याला वाईट कामही वाईट करता येत नाही.

दिवेलागणीला बोंडू आली. पुढचा पाय ठेवला, थांबली. मागचा ठेवला. नखं खाचांत रुतली. एकेक चिरा पार करत चुलीपाशी पोहोचली आणि मोठा उसासा टाकून आडवी झाली.

आता लपवून काय उपयोग, म्हणून हौसानं संदेशला फोन लावला, बिबट्याचं सांगितलं आणि सगळं दाखवलं. उखडलेली लादी, ओबडधोबड चिरे. पोरगा पडद्याजवळ येऊन बघायला लागला.

"हे बाबांचं काम?" त्यानं विचारलं.

"माजंच," बाबल्या फोनकडे न बघता म्हणाला.

हौसानं फोन बोंडूकडे वळवला. ती झोपेत पाय हलवत होती.

"बाबा," संदेश म्हणाला, "आत आली ती. पण दाराला कडी घातलीत काय?"

बाबल्या गुडघ्यावर हात टेकून उठला आणि कडी घालून आला.