सातऱ्यावरचा धडा

विमल गेल्याची बातमी आली तेव्हा मी वर्गात होते. आमच्या आरोग्य प्रशिक्षण केंद्राचा शिपाई दारात येऊन उभा राहिला, माझ्या हातातल्या खडूकडे बघत म्हणाला, "बाई, गजभियेबाई गेल्या... पहाटेच. इंदोऱ्याच्या घरी." मुलींना सोडून दिलं आणि मिळेल ती रिक्षा पकडली. त्याला आता महिना होत आला. मधे शोकसभाही झाली. साहेबलोक एकेक करून उठले आणि म्हणाले, विमलताई फार मनमिळाऊ होत्या, शांत होत्या, कधी कुणाला उलट बोलल्या नाहीत. मी मागच्या खुर्चीवर दातओठ खात बसले होते. किती वर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर काढली मी! माझी मैत्रीण मनमिळाऊ नव्हती. शांत तर मुळीच नव्हती. जिच्या तोंडी लागायला हे सगळे घाबरत, तिची मेल्यावर गरीब गाय करून टाकली यांनी. मला ते चालणार नाही, म्हणून हे लिहिते आहे.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. खेड्यापाड्यांत आरोग्यसेविका म्हणून जाणाऱ्या मुलींना आम्ही दोघी शिकवायचो. मी काटोलची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. विमल भिवापूरकडची. तिची आई मिरचीच्या सातऱ्यावर कामाला जायची. सातरा म्हणजे वाळलेल्या मिरचीचे देठ तोडायची उघडी जागा; दिवसभर बायका तिथे लाल ढिगाऱ्यांभोवती बसून असतात. तिथून शाळा, मग वसतिगृह, मग नर्सिंग असं करत विमल शिक्षिकेच्या खुर्चीपर्यंत आली होती आणि त्या खुर्चीत ती कधी अंग चोरून बसली नाही. वर्गात कुणी वस्तीतल्या बायकांना 'अडाणी' म्हटलं, की तिचं शिकवणं थांबायचं. "टीका टोचून घ्यायले येत नाही म्हणून अडाणी? ती काहून येत नाही, हे विचारलंस काय तिले?" मुलगी नकाराची मान हलवायची. "नाही विचारलं. मग तुले तरी काय माहीत हाय वं?" चष्मा कपाळावर सरकवून ती उत्तराची वाट बघत राहायची, आणि ते उत्तर येईपर्यंत पुढचा धडा सुरू व्हायचा नाही.

त्या वर्षी आमची तुकडी भिवापूरजवळच्या एका गावी मुक्कामाला होती. दिवसा वस्तीत फिरायचं, संध्याकाळी शाळेच्या पडवीत बसून जे पाहिलं ते वाचून दाखवायचं, अशी आमची पद्धत होती. नागपूरच्या महालातून, जुन्या वाड्यांच्या वस्तीतून आलेली नलिनी नावाची एक हुशार मुलगी होती. अक्षर सुंदर, आवाज खणखणीत. तिने वाचलं, "येथील मातांना मुलांविषयी माया नाही. मूल रडून लालबुंद झाले तरी आई त्याला उचलत नाही. या स्त्रियांना मातृत्वाचे शिक्षण देणे आवश्यक आहे." बाकीच्या मुलींनी माना डोलावल्या, कारण रडणारी मुलं आणि न उठणाऱ्या आया त्यांनीही पाहिल्या होत्या. मी विमलकडे बघितलं. आता हिचा भडका उडणार, असं मला वाटलं. पण ती एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी सगळ्या जणी माझ्यासंगं चला. जुनी लुगडी नेसा."

सकाळी तिने सगळ्यांना सातऱ्यावर नेलं आणि बायकांमधे एकेकीला बसवलं. "तोडा देठ." पहिला अर्धा तास हसण्यात गेला. मग खोकला सुरू झाला, मग शिंका. शेजारच्या बाया ओरडत होत्या, "बाई, डोळ्याले हात नोको लावू वं!" उन्हं वर येईतो मुलींच्या तळव्यांची आग व्हायला लागली, माझ्याही. तेवढ्यात कडेला बाभळीला बांधलेल्या झोळीतलं एक पोर रडायला लागलं. विमल नलिनीला म्हणाली, "जा, उचल त्याले." नलिनी चटकन उठली, झोळीपर्यंत गेली, वाकली... आणि तिथेच थांबली. तिने स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. मग पोराच्या तोंडाकडे, डोळ्यांकडे.

"काहून वं," विमल बसल्या जागेवरून म्हणाली, "माया नाही काय तुले?"

नलिनीला रडू फुटलं. पोराची आई उठून आली. तळवे वर धरून तिने कोपराने झोळी हलवली, तोंडाने 'आली गा, आली राजा' करत राहिली, आणि हात लावला नाही. विमलने पिशवीतून जवसाच्या तेलाची बाटली काढली आणि प्रत्येकीच्या तळव्यांना स्वतः तेल चोळलं, सगळ्यांत आधी नलिनीच्या. त्या दिवसापासून लस टोचायचं टेबल आम्ही दुपारी शाळेत न मांडता संध्याकाळी सातऱ्याजवळ मांडू लागलो, बायका हात धुऊन, तेल लावून मोकळ्या झाल्या की. 'येत नाहीत' असा ज्यांच्यावर शिक्का होता, त्या बायका पोरं कडेवर घेऊन रांगेत उभ्या राहिल्या.

नागपूरला परतलो तर तक्रार आमच्या आधी पोचली होती. नलिनीच्या वडिलांची वरपर्यंत ओळख होती. आमच्या मुलीला मजुरीला बसवलं, असं त्यांचं म्हणणं. साहेबांनी बोलावलं तेव्हा मी विमलसोबत गेले. तिची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. आई आणि भावांची शिक्षणं तिच्यावर होती. साहेब गोड बोलले. "विमलबाई, चूक झाली एवढं लिहून द्या, प्रकरण मिटतं. समाज समजायला पुस्तकं आहेत ना?"

"पुस्तकातली मिरची झोंबत नाही, सर. आणि चूक झाली असती तर तुम्ही म्हणायच्या आधी लिहून दिलं असतं."

"लोक म्हणतात, तुम्ही तुमच्या लोकांची बाजू घेता."

कुणाकडे बोट दाखवून ते बोलत होते, हे त्या खोलीतल्या पंख्यालाही कळलं असेल. विमल उभीच होती. कुणी बसा म्हटलं नव्हतं. "घेते ना," ती म्हणाली. "तुमची बाजू घ्यायले एवढं मोठं हापिस हाय, सर. त्या बायांकडून कोण बोलन?"

बाहेर व्हरांड्यात मी तिचा हात धरला. हात गार पडला होता. ती घाबरली होती, हे मी शपथेवर सांगेन, कारण निडर निडर म्हणून जे कौतुक करतात त्यांना हे ठाऊक नसतं. "मी लिहून दिलं," ती म्हणाली, "त पुढची तुकडी सातऱ्यावर जाणार नाही. नोकरी पाहिजे मले, लय पाहिजे. पण कशासाठी पाहिजे, तेच सोडून देऊ काय?" नोकरी गेली नाही. बदली झाली, जंगलातल्या एका आरोग्य केंद्रात, बस दिवसातून एकदा. कित्येक वर्षं तिथे काढून ती परत आली तेव्हा केस पिकले होते. आल्या आल्या तिने विचारलं, "यंदा सातरे कधी भरून राहिले?" त्या हंगामापासून धडा पुन्हा सुरू झाला आणि मागच्या वर्षीपर्यंत चालला.

आणि आता, शोकसभेच्या दुसऱ्याच दिवशी, नवे साहेब मला व्हरांड्यात गाठून म्हणाले, "तो मिरचीचा प्रकार आता थांबवू या. बाईंसोबत तो संपला." आदल्याच दिवशी सभेत यांनीच तिचे गोडवे गायले होते! मी वर्गाकडे वळले. माझं उत्तर अजून बाकी होतं.

गेल्या शनिवारी भिवापूरच्या बसच्या कंडक्टरने मला बसस्थानकावर बोलावून एक पोतं उतरवून दिलं. वाळलेली मिरची, देठांसकट. नलिनीने पाठवली होती; साहेबांचं म्हणणं मी तिला कळवलं होतं. ती आता तिकडच्याच एका आरोग्य केंद्रात मोठ्या हुद्द्यावर आहे. विमलला नेलं त्या दिवशी भिंतीला टेकून बसली होती. कंडक्टर म्हणाला, "नलिनीबाईंनी सांगतलं, गावाले जाऊ देत नसतीन त वर्गातच बसवा पोरींले."

विमलचा खण मी अजून कुणाला उघडू दिलेला नाही. काल मीच उघडला. चष्म्याचं घर, खडूचे तुकडे, आणि कोपऱ्यात तीच तेलाची बाटली, बूच तेलाने काळं पडलेलं, तळाशी बोटभर तेल. घाण्यावरून ताजं जवसाचं तेल आणून ती मी काठोकाठ भरली. सोमवारी नव्या तुकडीचा पहिला वर्ग आहे. दार मी उघडंच ठेवणार आहे. साहेबांना यायचं असेल तर त्यांनी जरूर यावं, पोत्यापाशी त्यांच्यासाठी जागा राखून ठेवते. तेल मी लावून देईन.