नाना साक्षीला उभे राहिले

धरणगावच्या स्टेशनावर सुरतेच्या गाडीची वाट बघत आम्ही तिघं उभे होतो, मी, आबा आणि माय. माय माझ्याकडे बघतच नव्हती. आबांनी माझ्या पिशवीत हात घालून कागद आहे ना, हे तिसऱ्यांदा चाचपून पाहिलं. फारकतीचा कागद. स्टॅम्पपेपरवर पाच पंचांच्या सह्या आणि सगळ्यात खाली माझी. "आते तू मोकळी शे, पोरी," आबा म्हणाले. "बठ्ठं समाजना समोर व्हयेल शे." मी मान हलवली. समाजासमोर झालं म्हणजे पक्कंच झालं, असं मलाही वाटत होतं. आमच्याकडे सगळ्यांनाच तसं वाटतं.

तुम्हालाही वाटत असेल, म्हणून हे लिहायला बसले. गावात राहिलेल्या बायांसाठी, आणि माझ्यासारख्या सुरतेजवळ उधन्याला येऊन एका खोलीत संसार मांडलेल्या बायांसाठीही. राग गेला का गं, असं मला कोणी कोणी विचारतं. नाही गेला. जावा अशी माझी इच्छाही नाही.

मला धुळ्याला दिली होती. सासरे, म्हणजे नाना, समाजाचे मोठे पंच. कोणाचं लग्न मोडायचं असलं की माणसं आधी त्यांच्या ओट्यावर यायची. पाच वर्षांत मला मूल झालं नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच्याच घरचं प्रकरण पंचांपुढे घेतलं आणि स्वतःच मधल्या गादीवर बसले. मंदिराच्या मंडपात कपाशीची वाळलेली काडी आणली. एक टोक माझ्या हातात, दुसरं नवऱ्याच्या, आणि कडकन मोडायची. त्याला काडीमोड म्हणतात. नानांनी विचारलं, मुलीकडच्यांना मंजूर आहे का. आबांनी मान खाली घालून होकार दिला. मला कोणीच विचारलं नाही. मंगळसूत्र ताटलीत ठेवलं, सही केली आणि बायकांनी मला मागच्या दारानं बाहेर काढलं. महिना उलटायच्या आत त्यानं रेखा नावाच्या मुलीशी लग्न केलं. जेवणावळीला माझ्या माहेरचेही काही जण जाऊन आले, हे मी विसरलेले नाही.

उधन्यात मी साडीला लेस लावण्याच्या खात्यात लागले. खातं म्हणजे इकडे कारखाना. तिथे मी कमलची कमलबेन झाले. दुपारी रिसेसमध्ये डबा उघडला की गुजराती बाया माझी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मागून घ्यायच्या आणि मला त्यांचा थेपला द्यायच्या. सहा-सात वर्षांत मी हिशेबापुरती गुजराती बोलायला लागले, फोनवर मायशी अहिराणी आणि शेठशी हिंदी. तिथेच सुनील भेटला. नंदुरबारकडचा, बायको वारलेली, मोजकं बोलणारा माणूस. त्यानं लग्नाचं विचारलं तेव्हा मी एकच अट घातली. पहिलं लग्न ब्राह्मणानं लावलं आणि पंचांनी मोडलं, आता मला सरकारी शिक्क्याचंच हवं.

रजिस्ट्रारच्या ऑफिसातल्या साहेबांनी माझा कागद वाचला, उलटा करून पाहिला आणि परत दिला. कोर्टाचा हुकूम आणा, म्हणाले. रीत आहे हे तुम्ही सांगता, पण ती कोर्टात सिद्ध व्हायला हवी, नाहीतर तुम्ही अजून धुळ्याच्याच सूनबाई. मी तिथल्या बाकावर बसले आणि मला इतकं हसू आलं की सुनील घाबरला. इतकी वर्षं मी ज्या माणसाचं नाव घेतलं नाही, त्याची मी बायको होते म्हणे.

वकीलबाईंनी समजावलं. आपल्या कायद्यात जुन्या रीतीनं झालेल्या फारकतीला जागा आहे, पण ती रीत खरंच चालत आलेली आहे, हे जुनी फारकतपत्रं आणि पंचांची साक्ष देऊन दाखवावं लागतं. म्हणजे माझी सुटका पुन्हा नानांच्याच तोंडात. नाक मुठीत धरून मी धुळ्याला गेले. नाना ओट्यावरच होते. त्यांनी मला वर या म्हटलं नाही. मी पायरीशी उभी राहून सांगितलं की एकदा कोर्टात येऊन खरं काय ते बोला. ते म्हणाले, "समाजाचं समाजात. आम्ही कोर्टाची पायरी चढत नाही." आतून रेखा पाणी घेऊन आली, तर तिलाही त्यांनी हातानं मागे फिरवलं.

त्या पायरीवर माझं डोकं पहिल्यांदा नीट चाललं. कागद माझ्यासाठी चालत नाही, तर तो त्यांच्या पोरासाठीही चालत नाही. मी अजून सून असेन तर त्यानं पहिली बायको असताना दुसरी केली, आणि त्याला तुरुंग आहे. मंडपात सगळं त्यांच्या बाजूनं होतं, पण हे एक माझ्या बाजूनं निघालं. वकीलबाईंकडून तशी नोटीस गेली. आठव्या दिवशी नानांचा निरोप आला की साक्षीला येतो. तो निरोप मी सुनीलकडून दोनदा वाचून घेतला. वाचता मलाही येतं, पण मला तो ऐकायचा होता.

मग ते आले. धोतर, टोपी आणि काखेत पंचायतीची वही, जी त्यांनी कधी कोणाला हात लावू दिली नव्हती. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून शपथ घेतली. न्यायाधीश बाई होत्या, माझ्यापेक्षा लहान. त्यांनी वही चाळत विचारलं, "फारकत बाईलाही मागता येते का?" नाना म्हणाले, येते. "आजवर किती जणींनी मागितली?" नाना म्हणाले, आल्या होत्या काही. "आणि दिली किती जणींना?" नानांनी टोपी काढून घाम पुसला. "त्यांना समजावून परत पाठवलं," ते म्हणाले. मी मागच्या बाकावर बसून त्यांच्या टकलाकडे बघत होते. इतकं गार मला आयुष्यात कधी वाटलं नाही. पाप लागत असेल तर लागो.

पण पुढचंही सांगते, नाहीतर मीही त्यांच्यासारखीच. न्यायाधीश बाईंनी मला विचारलं, फारकतीला तुमची संमती होती का. नाही म्हटलं असतं तर कागद तिथेच पडला असता आणि मी पुन्हा त्याची बायको. मी होती म्हटलं. शपथेवर खोटं बोलले. कोर्टानं फारकत मान्य केली, दीड महिन्यात सुनीलशी माझं लग्न नोंदवलं गेलं. पण जे मला कधी विचारलंच नाही, ते विचारलं होतं असं मला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागलं. समाजाची रीत कायद्यानं मानावी का, यावर शिकलेली माणसं वाद घालतात. माझं म्हणणं एवढंच, मानायची तर खुशाल माना, पण सही करणाऱ्या बाईला त्याच दिवशी, एकटीला बाजूला घेऊन, कोणीतरी विचारा. ते जमत नसेल तर नका मानू.

माय विचारते, घरी कधी येशील. मी म्हणते, घरीच तर आहे. आमची खोली छोटी, पण ओट्यावर बसून माझा निकाल लावणारं तिथे कोणी नाही.

गेल्या मंगळवारी रिसेसमध्ये अनोळखी नंबरवरून फोन आला. रेखा होती. अक्का म्हणाली मला. मार खाऊन, रडून रडून आवाज बसलेला. नानांकडे फारकत मागितली, तर ते म्हणाले पंचायत आता बसत नाही. मी तिला सांगितलं, पंच बसले तरी त्यांच्यापुढे जाऊ नकोस, थेट कोर्टात जा, आणि विचारलं तर खरं तेच सांग, तुला खोटं बोलायची गरज नाही. "पण उतरू कोणाकडे, अक्का?" ती म्हणाली. "माझ्याकडे," मी म्हटलं.

घरी येऊन सुनीलला सांगितलं की गादी झटकून ठेव, नानांची सून येते आहे. त्यानं विचारलं, कोणती सून.

"उरलेली," मी म्हटलं.