मिठाचं तीर्थ

सिद्धरामअण्णांना आता नळाचं पाणी प्यावं लागतं. त्याला चव नाही, अशी त्यांची रोजची तक्रार. चव होती ती विहिरीच्या पाण्याला.

बहात्तरच्या दुष्काळात, सरकारी कामावर, गावाची ती विहीर खोदली गेली. त्यांची बायको बसम्मा टोपली वाहायची आणि अण्णा उतार मोजणाऱ्या साहेबाची पट्टी धरायचे. साहेब दुर्बिणीतून उतार बघायचा. अण्णा तो पायाने ओळखायला शिकले.

लातूर जिल्हा होऊन वर्ष झालं, तेव्हा विहिरीच्या वरच्या आपल्या रानात विरूपाक्षाने संकरित कापूस लावला. फवारणीचं औषध तो धुऱ्यावर, विहिरीच्या अंगाच्या बांधावर, कालवणार, पंपही तिथंच धुणार.

"त्ये पाणी हिरीत उतरतंय, विरूपाक्षा."

"न्हाई अण्णा, वढ्याला जातंय. नव्या साहेबानं नकाशा दावलाय."

नकाशात उतार ओढ्याकडेच होता. जमिनीला अजून कळवलेलं नव्हतं.

फवारणीला चार दिवस होते. अण्णांनी घरातलं वर्षाचं मीठ काढलं, दुकानातलंही सगळं आणलं आणि भरदुपारी त्या धुऱ्यावर पसरलं.

"अवो, याड लागलं का?" बसम्मा म्हणाली.

"औषधाच्या जागी मीठ टाकून बघायलोय."

संध्याकाळी चांगला तासभर पाऊस पडला.

सकाळी गावातल्या तीस घरांत लिंगपूजा झाली. तळहातावरच्या लिंगावर विहिरीचं पाणी घालून लोकांनी तीर्थ घेतलं, आणि तीसही घरांत तोंडं वाकडी झाली. चहाच्या आधीच गावाचं एकमत होण्याची ती पहिलीच वेळ.

कपाळावरची विभूती वाळायच्या आत विरूपाक्ष दारात हजर. "अण्णा, हिरीत मीठ कुणी टाकलं?"

"हिरीत कुणीच न्हाई. तुझ्या धुऱ्यावर म्या टाकलं."

विरूपाक्ष धुऱ्याकडे बघत राहिला, मग विहिरीकडे. मग तीर्थ घेतलेल्या आपल्या तळहाताकडे.

"किती टाकलं व्हतं?"

"दीड पोतं. औषध तेवढं लागत न्हाई."

दुपारी विरूपाक्षाने रानाच्या पार खालच्या टोकाला पंप धुवायचा खड्डा खणला. विहिरीच्या अंगाला चर मारून चार हात गवत राखलं. नकाशाचं काय केलं, ते कुणी विचारलं नाही.

चार पावसांत विहीर गोड झाली. दुकानात मीठ यायला मात्र आठ दिवस लागले. तोवर बसम्माने अळणी आमटी वाढली, आणि शेजारी बसून स्वतःही तीच खाल्ली. नळाचं पाणी पिताना अण्णांना ती आमटी आठवते. तिला चव होती, म्हणतात.