डावा हात उशिरा सुटतो

माझ्या भावाला शिवता येत नाही. साधं बटण लावायचं म्हटलं तरी सुई आधी त्याच्या बोटात जाते आणि मग कापडात. तरीही त्याचं सगळं पोटपाणी कापडावर चालतं. सिनेमात एखादी राणी जिन्यावरून खाली येते आणि तिचा लांबलचक झगा पायऱ्यांवरून ओघळत जातो, तो झगा पुष्कळदा कुणी शिवलेलाच नसतो. नटी बिचारी साध्या घट्ट कपड्यांत चालून गेलेली असते. झगा तिच्यावर नंतर कॉम्प्युटरवर चढवतात, आणि तो कसा हलेल, चुण्या कुठे पडतील, कठड्याला कुठे अडकेल हे ठरवणारा प्रोग्राम माझा दादा लिहितो. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणाले होते, "म्हणजे तूही शिंपीच झालास की. फक्त बिनसुईचा." त्याला ते चांगलंच झोंबलं होतं. मला बरं वाटलं होतं.

आमची आई शिलाई करते. करायची, असं म्हणायला हवं. जिभेला अजून वळण पडलेलं नाही. घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. खिडकीशी मशीन, मधोमध कापायचं टेबल, भिंतीला उभा आरसा, आणि खाली कितीही झाडलं तरी उरणारे दोऱ्यांचे तुकडे. काजं-बटणं आणि इस्त्री माझ्याकडे. दादाला तिने कधी मशीनला हात लावू दिला नाही. तो शिकणार होता. शिकला, पदार्थविज्ञानात पहिला वर्ग मिळवला, आणि एका तळघरातल्या स्टुडिओत नोकरीला लागला. काम काय, तर हवेत उडणाऱ्या नटांच्या पाठीला बांधलेल्या तारा पुसून टाकायच्या. एकेक चित्र घ्यायचं आणि तार पुसायची, पुन्हा पुढचं चित्र. आई शेजारणीला सांगायची, "तो तारा पुसतो." शेजारीण काय समजायची देव जाणे.

दोन वर्षं त्याने तारा पुसल्या आणि उरलेल्या वेळात प्रोग्रामिंग शिकला. त्याला एका मोठ्या स्टुडिओच्या कापड, धूर, पाणी असलं सगळं हिशेबाने हलवणाऱ्या टीममध्ये जायचं होतं. त्यांनी त्याला तीनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा तिथल्या प्रमुख बाईंनी स्पष्टच सांगितलं, "तुमचं कापड रबरासारखं दिसतं." त्या रविवारी तो पडलेल्या चेहऱ्याने घरी आला आणि लॅपटॉप आईसमोर उघडून बसला. मला वाटतं, तो सहानुभूतीसाठी आला होता.

आईने चष्मा लावून दोनदा बघितलं. म्हणाली, "हे सगळीकडून सारखंच ताणलं जातंय. कापड असं नसतं रे." टेबलावरचा सुती तुकडा तिने उभा ओढला, तो हलला नाही. आडवा ओढला, जरासा ताणला गेला. मग कोपऱ्यातून कोपऱ्याकडे तिरका ओढला, तसा तो चांगला लांबला. "ह्याला उरेब म्हणतात. गळ्याची पट्टी उरेबच कापावी लागते, नाहीतर वळत नाही." दादा त्या तुकड्याकडे बघतच राहिला. त्याची पदवी व्हायला तीन वर्षं लागली होती आणि हे सगळं पाच मिनिटांत झालं, हे मी त्याला लगेच ऐकवलं. पण त्याचं लक्ष नव्हतं. पुढच्या महिन्यात त्याला ती नोकरी मिळाली.

मग रविवार सुरू झाले. प्रोग्रामला खऱ्या कापडाचे आकडे हवे होते. कुठलं कापड किती वेगाने पडतं, पडून कसं बसतं, असं सगळं. दादा कॅमेरा ट्रायपॉडवर लावायचा. समोर एक गोल स्टूल, स्टुलामागे आई. तिने कापडाची दोन टोकं दोन हातांत धरून उभं राहायचं आणि तो "सोड" म्हणाला की दोन्ही हात एकदम सोडायचे. कापड स्टुलावर पडायचं. सुती, रेशीम, मखमल, लोकर अशी अकरा कापडं, प्रत्येक पाच वेळा. मी इस्त्री करून पुन्हा हातात द्यायची. आई त्या दिवशी ठेवणीतले कपडे घालायची, केस नीट विंचरायची. "अगं, कॅमेऱ्यात तू मनगटापर्यंतच दिसतेस," मी म्हणायची. "असू दे," ती म्हणायची.

त्याआधी दादा महिन्यातून एकदा यायचा, तोही घाईघाईत. आता दर रविवारी सकाळी हजर. आईच्या चेहऱ्यावर दिसायचं ते.

सुरुवातीचे काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग त्याची कुरकुर सुरू झाली. त्याचा कॅमेरा सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं काढायचा, आणि आईचा डावा हात उजव्यापेक्षा तीन चित्रं उशिरा सुटत होता. तीन चित्रं म्हणजे डोळ्याला काहीच दिसत नाही. पण कापड वाकडं पडतं आणि आकडे बिघडतात.

"आई, दोन्ही हात एकदम सोड ना."

"एकदमच सोडतेय की."

"नाही सोडत. डावा मागे राहतोय. लक्ष कुठे असतं तुझं?"

त्याच आठवड्यात, दुपारी गिऱ्हाईक नसताना, मी तिला आरशासमोर उभी बघितली. हातरुमालाची दोन टोकं धरून ती स्वतःशीच "सोड" म्हणत होती आणि सोडत होती. पुन्हा उचलत होती. मला हसू फुटलं. "परीक्षा आहे का?" मी विचारलं. तीही हसली आणि रुमाल खिशात टाकला. माझं ते हसू मला आता टोचतं.

पुढे दादाने तिला टोकणं बंद केलं. त्याला उपाय सापडला होता. प्रत्येक वेळी डावा हात किती चित्रं मागे राहिला ते प्रोग्रामच मोजणार आणि आकड्यांतून तेवढं वजा करणार. हे सांगताना तो खुशीत होता. लॅपटॉपवर त्याने मला रकाना दाखवला. तारीख, कापड, आणि शेवटी "हाताची चूक". तीन, चार, सहा. पुढच्या महिन्यात नऊ. "वाढतेय का रे?" मी विचारलं होतं. विचारलं होतं मी. तो म्हणाला, "वाढू दे. आता काही फरक पडत नाही, वजा होते."

आणि मी पुन्हा इस्त्रीला लागले. दोष सगळा त्याच्या माथी मारावा असं मला फार वाटतं, पण मी रोज तिच्या शेजारी बसत होते. बॉबिन भरायला ती मला हाक मारायला लागली होती. एका फ्रॉकची बाही तिरकी बसली, तिच्या हातून, जिच्या हातून उभ्या जन्मात असं झालं नव्हतं. मी म्हणाले, "चष्म्याचा नंबर बदल." एवढंच सुचलं मला.

दादाचं कापड तोवर नावाजलं गेलं होतं. बाईंनी त्याच्या हाताखाली सहा माणसं दिली. अकरा कापडांचं काम कधीच संपलं होतं, पण तो नवी कापडं आणत राहिला आणि रविवार चालू राहिले.

मग एका मंगळवारी मशीनची सुई आईच्या डाव्या बोटातून आरपार गेली. शिवणाऱ्या माणसाचं असं होतं कधी कधी. पण हात झटकन मागे येतो. तिचा आला नाही. सुई वर झाली, पुन्हा खाली आली, आणि हात तिथेच. मी पट्टा धरून मशीन थांबवलं.

डॉक्टरांनी बोटाकडे कमी आणि हाताकडे जास्त बघितलं. मूठ मिटा, उघडा. मिटा, उघडा. आईला बाहेर बसवून त्यांनी आम्हाला विचारलं, "हा हात कधीपासून मंदावलाय?"

"झाले असतील दोनेक महिने," मी म्हणाले.

"चौदा," दादा म्हणाला. "चौदा महिने. पहिल्यांदा तीन चित्रं, म्हणजे सेकंदाचा ऐंशीवा भाग. सहाव्या महिन्यात अकरा. गेल्या रविवारी एकेचाळीस."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही मोजत होतात?"

"हो."

"मग आणलं का नाही त्यांना?"

दादा म्हणाला, "मी ते वजा करत होतो."

डोक्यात गाठ निघाली. वाईट जातीची नव्हती, हळूहळू वाढणारी होती. वर्षभरापूर्वी लहान असती आणि हात बहुतेक वाचला असता, हे डॉक्टरांनी एकदाच आणि न रागावता सांगितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ऑपरेशन झालं, आई वाचली. डावा हात तिच्याजवळ आहे, पण मांडीवर ठेवला तर मांडीवरच राहतो. मशीनवर मी आता चादर टाकली आहे.

रकान्याची गोष्ट आईला सांगायची नाही, असं आम्ही दवाखान्याच्या जिन्यात ठरवलं. दादाचं येणंही कमी झालं. फोनवर तो म्हणायचा, काम फार आहे. मी भांडायची नाही. मला कळत होतं, आणि रागही येत होता.

या महिन्यात त्याचा सिनेमा लागला. आईने हट्टच धरला, "माझी कापडं बघायचीत मला." दुपारच्या खेळाला आम्ही तिघं गेलो. गोष्ट काय होती मला विचारू नका. मध्ये एका दालनात भिंतीएवढा आरसा असतो, त्यावर मखमली आच्छादन, आणि ते गळून पडतं. पडतं म्हणजे काय पडतं! उजवं टोक आधी सुटलं, कापड तिरकं झालं, क्षणभर डाव्या टोकावर लोंबलं आणि मग खाली आलं.

आई पुटपुटली, "डावं टोक उशिरा सुटलं."

आम्ही घरी आलो. पुढच्या खोलीत ती खुर्चीवर बसली, आणि दादा उभाच राहिला, जिथे पूर्वी कॅमेरा लावायचा तिथे.

"ती वजा करायची ओळ मी काढून टाकली," तो म्हणाला. "तो तुझा शेवटच्या रविवारचा हात आहे. आई, मला माहीत होतं. हात मागे राहत होता, दर आठवड्याला वाढत होतं, सगळं माझ्याकडे लिहिलेलं होतं. मी बघितलं आणि..." एवढा मोठा माणूस, ढसाढसा रडत होता.

आईने त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "मलाही माहीत होतं रे. तू टोकलंस त्याच्याही आधीपासून. कात्री धरताना कळायचं."

मी ओरडलेच. "मग सांगितलं का नाहीस?"

ती माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. "सांगितलं असतं तर तू धड हाताचं दुसरं कुणी शोधलं असतंस. मग दर रविवारी कशाला आला असतास?"

"असं कसं म्हणतेस, आई," दादा म्हणाला. "आलोच असतो की."

आईने मान हलवली, जणू तिला पटलं. मी तिची डावी बाही नीट करायला वाकले आणि मनातल्या मनात मोजलं. ऑपरेशनला अकरा महिने झाले होते. त्यात दादा आज चौथ्यांदा घरी आला होता.