शालींच्या ढिगातून आलेला प्रश्न

आम्हा माजी आमदारांचं एक मंडळ आहे. ज्या देशांत संसद नुकतीच कुठे सुरू झालीय, तिथल्या नवख्या सदस्यांना सभागृहाचं काम शिकवायचं, हा आमचा उद्योग. मी एकदा निवडून आले आणि पुढच्या खेपेला सपाटून पडले. तेव्हापासून इंदापुरात मला कुणी विचारत नव्हतं. आता समुद्रापलीकडचा देश सल्ला मागतोय म्हटल्यावर माझे पाय जमिनीवर कसले राहतायत! खोटं कशाला बोलू?

माझ्या वाट्याला आली एका छोट्या बेटावरची तरुण खासदार, शिकायला इंदापुरात माझ्याकडे आलेली. निवडून आल्यापासून तिनं सभागृहात तोंड उघडलं नव्हतं. परत गेल्यावर तिला बंदराच्या मंत्र्याला पहिला प्रश्न विचारायचा होता, आणि त्याचं नाव काढलं की ती घाबरून विषयच बदलत होती. भिगवणला मासे खाताना मात्र बाईंची कळी खुलली. मी म्हटलं, "उद्या तुला ग्रामसभा दाखवते. आमच्या बायका सरपंचाला कशा धारेवर धरतात ते बघ. भीती पळून जाईल."

परदेशी खासदार येतेय हे मी सरपंचांना आधी कळवलं, तिथंच घोळ झाला.

बारामतीच्या वाटेवरच्या त्या गावात उतरलो, तर हलगी, रांगोळ्या, फेटे! शाळेच्या पटांगणात मांडव घातलेला. पाहुणीला आधी स्वच्छतागृहात जायचं होतं. शाळेच्या स्वच्छतागृहाला कुलूप. सरपंचांच्या घरून मोटारसायकलवर किल्ली आली, तीही तबकात. मग सत्कार सुरू झाले. ग्रामपंचायतीनं केला, सोसायटीनं केला, दूध डेअरीनं केला, तरुण मंडळ तर रांग लावून उभं होतं. शालींच्या ढिगात पाहुणीचं नाक तेवढं दिसत होतं.

मी सरपंचांच्या कानाशी लागले. "अहो, विषय कधी घेताय?"

"ताई, इषय कुठं पळून चाललेत व्हय? पावनी काय रोज येनार हाय?"

बघता बघता ग्रामसेवक आभार मानायला उठलेसुद्धा. मला हसू आवरेना आणि रडूही यायला लागलं. लोकशाही दाखवते म्हणून आणली आणि नारळ दाखवले! तेवढ्यात सरपंच पाहुणीकडे वळले. "मॅडम, दोन शब्द बोला."

ती उठली. तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीचं मराठी मी करत होते. आधी तिनं आभार मानले. मग म्हणाली, "माझ्यासाठी किल्ली आली. शाळेतल्या मुलींना लागते तेव्हा ती कुठं असते?"

यजमानांसमोर हे मराठीत कसं सांगावं? सांगितलं, एक शब्द न गाळता.

मग मागून एक बाई उठल्या. "आवो, आमी तरी दुसरं काय ईचारतोय कवापासनं? सांगा की आता!"

"पावन्यांसाठी सोच्छ ऱ्हावं म्हनून..." सरपंच फेट्याच्या शेमल्यानं घाम पुसायला लागले.

"आन आमच्या पोरींनी उसात जायचं व्हय?"

मग बायका जशा सुटल्या, त्यांना कोण आवरणार? किल्ली मुख्याध्यापिकाबाईंच्या हातात पडेपर्यंत एकीनंही बूड हलवलं नाही.

पाहुणी खाली बसली आणि माझ्याकडे वळली. "प्रश्न म्हणतात तो हाच का?"

"हाच गं बाई, हाच!" मी तिला भर सभेत मिठी मारली. स्वतः निवडून आले तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

परवा दुपारी तिचा फोन आला. "विचारला! मंत्र्याला विचारला!" फोडणी जळत होती आणि मी ओट्यापाशी नाचत होते.

"मग काय म्हणाले मंत्री?"

"काहीच नाही. उत्तर टाळलं."

मी गॅस बंद केला. तिचा धीर पुन्हा खचला असणार, असं वाटून गेलं.

"अहो ताई," ती हसत म्हणाली, "उद्या परत विचारणार आहे."