पहिलवानाची उलटतपासणी

आमच्या भागातल्या कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंना सगळे ‘वकीलबाई’ म्हणतात. त्या कुत्रा मागाहून तपासतात. आधी घरची माणसं तपासतात, तीही एकेकटी, दार लावून.

आमचा कुत्रा पहिलवान दिवसेंदिवस वाळत चालला होता आणि पोट कायम बिघडलेलं. “फक्त तुम्ही दिलेलं पथ्याचं खाणं चालू आहे हो,” असं आईने, बायकोने आणि मी एका सुरात सांगितलं. बाईंनी आम्हाला बाकावर बसवलं आणि एकेकाला आत बोलावलं.

आई पहिल्याच प्रश्नाला फुटली. रोज सकाळी दुधात बिस्किटं. बायकोकडून अंडी निघाली. मी फक्त पावाचं कबूल केलं, लोण्याचं बाईंनीच काढून घेतलं.

“म्हणजे पथ्य कुणी पाळलंच नाही,” बाई म्हणाल्या.

“बिचारा उपाशी वाटायचा गं,” आई पुटपुटली.

“आजी, तिघांचं खाऊन हा वाळतोय! अंगी काही लागतच नाहीये. आता थांबायचं नाही.”

सोनोग्राफीत आतड्याची भिंत जाड दिसली, तिचे थर एकमेकांत मिसळलेले. साधी सूज असेल, नाहीतर लिम्फोमा, म्हणजे कर्करोग.

“सुई टोचून नाही का कळणार?” बायकोने विचारलं.

“सुईत सुट्या पेशी येतात. याच्यासारख्या केसमध्ये तेवढ्यावर फसायला होतं. पोट उघडून आतड्याचे तुकडे काढू. भिंतीचे सगळे थर बघायला मिळाले, की मग मी ठामपणे बोलेन.”

ऑपरेशन झालं, तुकडे तपासणीला गेले. अहवाल येईपर्यंत पहिलवानाची वाटी तिघांनी आळीपाळीने धुतली.

निघाला लिम्फोमाच. पण सावकाश वाढणारा.

“मुळासकट जाणार नाही,” बाई म्हणाल्या. “गोळ्यांनी आवरता येईल. चांगले दिवस मिळतील. किती, ते मी सांगणार नाही, कारण मला माहीत नाही.”

मी हात जोडले.

“माझे कसले आभार? आजींचे माना. एवढी झटपट कबुली मला आजवर कुणी दिली नव्हती.”

आई तेव्हापासून या गोष्टीचा भाव खाते. खाऊ दे.

पहिलवान रोज संध्याकाळी माझ्या पावलावर बैठक मारतो. मध्यंतरी तो इतका हलका झाला होता, की बसलाय हेही जाणवायचं नाही. हल्ली पायाला चांगल्या मुंग्या येतात. मी पाय काढून घेत नाही.