विकलेल्या गाडीचं दावं

आमच्या निजामाच्या मुलखातल्या कल्याणच्या घरी गोठ्यात मोटारगाडी असायची आणि बैल बाहेर लिंबाखाली. पावसाळ्यात बैल भिजायचे, गाडी कोरडी. मी बोलून बोलून थकले, पण हा न्याय घरधन्याचा होता.

निजामाचं राज्य गेलं त्याच्या पुढच्या साली आमच्या मालकांनी ती सिकंदराबादच्या लष्करी लिलावातून आणली. पुढं दोघं बसतील एवढी खोली आणि मागं तुरीची पोती टाकायला उघडा हौदा. लष्करानं वापरून टाकून दिलेली, आणि आमच्या तुरीच्या व्यापाराला म्हणे ती बरकत देणार होती. हुमनाबादच्या बाजाराला बैलगाडीला जेवढा वेळ लागे तेवढाच हिलाही लागायचा, कारण अर्धा वेळ ती रस्त्याच्या कडेला इंजिनाचं टोपण उघडून उभी. जाणारे बैलगाडीवाले विचारायचे, जुंपू का बैल? मालक हसायचे. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आम्हा लिंगायतांत बैल म्हणजे नंदी, देवच. मालकांनी ते देवपण सरळ गाडीला देऊन टाकलं. दर सोमवारी टोपणावर विभूतीचे तीन पट्टे. कारहुणवीला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, शिंगांना लावायचा हिंगूळ दिव्यांच्या कडांना. मी बैलांसाठी पुरणपोळी घेऊन निघाले की म्हणायचे, आधी तिला दाखव. गाडी बाईमाणूस, लाड बैलाचे आणि लाटून लाटून कंबर मोडायची माझी!

चालू करायची तर तिच्या नाकाडात लोखंडी हँडल घालून गरागरा फिरवावं लागे. मनात आलं तर गुरगुरायची, नाही तर सगळी गल्ली ढकलायला. पदर खोचून मीही ढकललेली आहे. एका सकाळी ते हँडल उलटं उसळलं आणि मालकांचं उजवं मनगट मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. पुढचे दोन महिने मी भाकरी कुस्करून त्यांना घास भरवले. कामट्या सोडताना हाडवैद्यानं स्पष्ट सांगितलं की हा हात पुन्हा मोडला तर वाटी धरायच्याही कामाचा राहणार नाही. मालकांनी शहाण्यासारखी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हँडल घेऊन गोठ्याकडे निघाले.

मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, "हात ठेवायलाव का गाडी, ते आत्ताच्या आत्ता सांगा."

रात्री जेवताना ताटाकडं बघतच म्हणाले, गिऱ्हाईक बघतो.

गिऱ्हाईक मुडबी गावचं मिळालं. सोलापुरात लारी चालवून आलेला शेतकरी होता. स्वभावानं गरीब, मला अक्का म्हणायचा. सौदा ठरला, नारळ फुटला, मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला. तो गाडीकडं वळला तेव्हा मालकांनी हँडल उचलून काखेत मारलं.

"जनावर इकलं तरी दावं देत न्हाईत," ते म्हणाले. "घरची लक्ष्मी जाती."

बैलाच्या बाबतीत हे खरंच आहे. विकणारा दावं ठेवून घेतो, घेणारा आपलं नवं घेऊन येतो. पण लोखंडाच्या गाडीला दावं? मला वाटलं, आता हा माणूस हसेल, नाही तर भांडेल. तो मुडबीकर शेतकऱ्याची जात! गंभीरपणे म्हणाला, "व्हय अण्णा, बरोबर हाय. माझंच चुकलं, मी माझं आणायला पायजे हुतं." आणि गाडी आमच्याच गोठ्यात सोडून चालता झाला. मी कपाळाला हात लावला. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं!

झालं, विकलेली गाडी आठवडाभर आमच्याकडंच. मालक रोज तिला पुसायचे, वंगण द्यायचे, दुपारी आत जाऊन बसायचे. मी विचारलं, लोकाच्या गाडीत काय करायलाव? म्हणाले, पाहुणी आहे, पाहुणीला एकटं सोडू नये. मी भांडी जोरजोरात आपटली. बैल बाहेरच.

मुडबीकर आला तो गावच्या लोहाराकडून नवं हँडल घडवून. ते बसलं नीट, पण गाडी काही चालू होईना. फिरवून फिरवून त्याच्या अंगाचं पाणी पाणी झालं. शेवटी हँडल खाली ठेवून तो मालकांकडं बघायला लागला. मालक ओट्यावर बसले होते. उजवा हात त्यांनी पाठीमागं धरला होता.

"अण्णा, तुमच्याच हाताची सवय हाय तिला," तो म्हणाला.

मला जे नको होतं नेमकं तेच. मी पुढं झाले आणि परक्या माणसासमोर बोलले, "या वेळी मोडला तर मी घास भरवनार न्हाई. सांगून ठेवते."

मालक उठले. त्यांनी स्वतःचं हँडल काढलं नाही. त्या मुडबीकराचंच उचललं, ते डाव्या हातात घेतलं आणि टोपणावर उजवा तळवा टेकवून एकदाच फिरवलं. मी डोळे मिटून घेतले.

गाडी चालू झाली. पहिल्या फेऱ्याला. एवढ्या वर्षांत कधी नव्हे ती, एक खोकला नाही, एक धक्का नाही. मुडबीकर आनंदानं आत चढला, राम राम केला आणि गाडी सरळ रस्त्याला लागून दिसेनाशी झाली.

मालक हँडल मारायच्या जागी तसेच उभे होते. "म्हंजे हिला जायाचंच हुतं," ते म्हणाले.

मला त्या गाडीचा असा संताप आला! भर बाजारात अडली, माझ्या माहेरच्या वाटेवर अडली, पावसात, चिखलात, नको तिथं अडून आमची शोभा केली. त्या एका सकाळी, त्या माणसासाठी, घटकाभर अडायला तिला काय धाड भरली होती?

बैल आत बांधून मी ताट वाढलं. मालक बसले, पण भाकरीला हात लावेनात. दोन्ही हात धडधाकट, मांडीवर पडलेले. मी पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं. पण भाकरी कुस्करली आणि घास त्यांच्या तोंडापुढं धरला.